नक्कल छान करतेस, पण…

अगं, रविवारी फोनवर तू त्या लातूरच्या नव्या मुलीची नक्कल केलीस. ‘काय करू लालीस?’ आई खो खो हसली. नक्कल तुला जमतेच, त्यात वाद नाही. पण मला सातवीतली तू आठवलीस. आपण अमरावतीहून पुण्यात नुकते आलो होतो. तुझ्या तोंडून ‘काय करून राहिली’ निघालं, की व्हॅनच्या मागच्या सीटवरून सगळ्या एका सुरात तेच ओरडायच्या. तू बोलणंच टाकलंस. डबा तसाच घरी आणायचीस आणि आईला कळू नये म्हणून पोळ्या गच्चीवर कावळ्यांना घालायचीस. तिथंच तर तुला मी पकडलं होतं.

फोन ठेवू नकोस, रागवायला केलेला नाही. हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, तेव्हा मध्येच पुस्तकी बोलले तर सांभाळून घे.

ज्यानं सोसलं तो दुसऱ्याला त्रास देणार नाही, असं आपण धरून चालतो. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. छळ सोसलेली बहुतेक मुलं कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण काही जण दोन्हीकडे असतात, मार खाणारेही आणि देणारेही. डॅन ओल्वेयस नावाच्या संशोधकानं 1970 च्या दशकात स्वीडनमधल्या शाळांत या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याला छळ सोसणाऱ्यांतही दोन तऱ्हा दिसल्या. एक गप्प राहून सोसणारी मुलं, आणि दुसरी चटकन भडकणारी, उलट वार करणारी.

ही दुसरी तऱ्हा का होते, याची कारणं बरीच आहेत. कुणाच्या घरात हात उगारणं रोजचंच असतं, कुणाला राग आवरतच नाही. ते तुझं नाही, म्हणून सोडून देते. तुझ्याशी जुळतं ते वेगळंच. 1980 मध्ये केनेथ डॉज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं काही मुलग्यांवर एक प्रयोग केला. जुळवत आणलेलं कोडं दुसऱ्या मुलानं मोडलं, पण मुद्दाम की चुकून, ते कळायला मार्ग नव्हता. आक्रमक मुलांनी ते मुद्दामच केलं असं धरलं आणि तसेच वागले. आता तू मला काय सांगितलंस ते आठव. ‘ती पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून हसली, म्हणून मी सुरुवात केली.’ अगं, नव्या वर्गात कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून हसली असेल ती! पण तुझे कान अजून सातवीतल्या व्हॅनमध्येच आहेत. कुणीही हसलं की ते तुलाच हसतंय, असं तुला वाटतं.

आणि खरं सांगू का? मला यात सूडापेक्षा भीती जास्त दिसते. ज्यांनी तुला रडवलं त्या अजून तुझ्याच वर्गात आहेत, त्यांना एक शब्द बोलायची तुझी टाप नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर. त्यात वर्गाला कायम एक बकरा लागतो. नवा मिळाला की जुना सुटतो, आणि नव्याला सगळ्यांआधी टपली मारणारा तर एकदम आतल्या गोटात! तुझ्या नकलेला सगळ्यांत मोठ्यानं कोण हसतं, सांग बरं. त्याच ना?

ही जागा मात्र सुखाची नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात 1420 मुलांना लहानपणापासून तरुणपणापर्यंत पाहिलं गेलं. 2013 मध्ये त्याचा अहवाल आला. नुसतं सोसणारी मुलं पुढं चिंतेनं ग्रासलेली दिसली, पण नैराश्य आणि घबराटीचे झटके या बाबतीत सगळ्यांत वाईट हाल निघाले ते दोन्हीकडे असणाऱ्यांचे. तुला घाबरवायला सांगत नाही. सगळ्यांचं तसं होतं असंही नाही. पण रोज सकाळी ‘आज माझी पाळी नाही ना’ हे बघत शाळेत जायचं म्हणजे जीव दमतोच की.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतला छळ थांबवण्यासाठी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला. त्यात भर आहे तो बघ्यांवर. हसणारे हसायचे थांबले की छळणाऱ्याची मजाच जाते. हे मला फार पटतं, कारण बाकीच्यांना आवरणं तुझ्या हातात नसलं तरी स्वतः थांबून तिच्या बाजूला जाणं तुझ्या हातात आहे.

पण म्हणून लगेच सगळ्यांसमोर ‘सॉरी’चं नाटक करू नकोस. त्यानं ती आणखी संकोचेल. आधी नक्कल बंद. व्हॅनमध्ये तिच्या शेजारी बस. काहीतरी साधं विचार, भूगोलाची वही माग. माफी नंतर, दोघीच असताना, दोन वाक्यांत. ‘मी तुझी टिंगल केली, ते चुकलं.’ ‘माझीही करायच्या’ हे त्याच दमात जोडू नकोस. तिला वाटेल, तू सबब सांगतेस. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू दे, तो तिचा हक्क आहे. आणि तिच्या नकलेचा जो ऑडिओ तू ग्रुपवर टाकलास, तो आजच काढ. पुढं कुणी पाठवला असेल तर तेही मला सांग.

तुझा राग मात्र खोटा नाही हं. सातवीत तुझ्यावर अन्यायच झाला, आणि आज तू चुकलीस म्हणून तो काही माफ होत नाही. तो माझ्याकडे ओक, नाहीतर शाळेतल्या समुपदेशक बाईंकडे जा. घरच्यांशी बोलवतच नसेल तेव्हा 1098 हा मुलांसाठीचा फोन आहे.

आता तू तिच्या शेजारी बसलीस की त्या म्हणतीलच, ‘अय्या, हिची मैत्रीण झाली वाटतं!’ दोन-चार दिवस तुझ्याही मागे लागतील. त्या दिवशी डबा परत आणू नकोस, तिच्यासोबत खा. आणि संध्याकाळी मला फोन कर, मेसेज नको. आईला मी यातलं काही बोललेले नाही.