हंगामाचा पैसा आणि परदेशातील वर्ष

चंद्रपूर अथवा गडचिरोली जिल्ह्यातून उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला येणाऱ्या विद्यार्थ्यांस, येथे पूर्वीपासून स्थायिक झालेल्या आम्हां मराठी कुटुंबांचे पहिले सांगणे असे की, ज्या घरचा प्रपंच उन्हाळ्यातील तेंदूपानांच्या मजुरीवर आणि पावसाळा सरल्यावर हाती येणाऱ्या धानावर सालभर चालतो, त्या घरी वाढलेल्याने द्रव्यनियोजनाविषयी न्यूनगंड बाळगण्याचे काहीच कारण नाही. एकदम आलेली रक्कम पुढल्या हंगामापर्यंत पुरविण्याची जी विद्या येथे लागते, ती त्याने आईच्या हाताखाली कधीच आत्मसात केलेली असते.

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा ब्रिटनसाठीचा निर्वाहभत्ता सालीना ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याकाठी ८२५ पौंड पडतो, आणि तो हप्त्यांनी मिळतो. लंडनमध्ये एवढ्यात निभावणे फार कठीण. म्हणून प्रवेशाच्या वेळीच लीड्स, शेफील्ड यांसारख्या शहरांचा विचार करावा. हप्ता अमुक तारखेस जमा होईलच असे धरून कुणाशीही वायदा करू नये. निदान दोन महिन्यांच्या खर्चाची तजवीज निराळ्या खात्यात राखावी.

तरीही अडचण आलीच, तर ती लपवू नये. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, ज्यांनी सहस्रावधी लोकांना धम्मदीक्षा दिली, ते बाबासाहेब आंबेडकर १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास निघाले, तेव्हा नवल भथेना या मित्राकडून त्यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले होते. बहुतेक विद्यापीठांत अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी साहाय्यनिधी असतो. तेथे वेळीच अर्ज करावा, परंतु अनोळखी सावकाराच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या व्याजात कदापि गुंतू नये.

सर्वांत मोठा खर्च भाड्याचा, आणि नवागत फसतो तोही येथेच. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा विश्वासू माणसाकडून पाहवून घेतल्याशिवाय, अनामत पाठवू नये. इंग्लंडात सामान्य भाडेकरूकडून पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, आणि घरमालकाने ती तीस दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत जमा करून तसे लेखी कळवावे लागते. तो कागद मागून घ्यावा. घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास स्थानिक कर माफ होतो, मात्र विद्यापीठाचा दाखला नगरपालिकेकडे दाखल करावा लागतो; नोकरदार सोबती घेतल्यास कराची मागणी येऊ शकते.

भाताची सवय येथे सोडावी लागत नाही. तांदळाची दहा किलोची थैली आणि तुरीची डाळ चौघांनी मिळून भारतीय दुकानातून आणावी. भाजी, पाव, दूध मात्र मोठ्या दुकानांत सायंकाळी किंमत उतरवलेले पाहून घ्यावे. दुपारचा डबा घरूनच न्यावा, कारण विद्यापीठाच्या उपाहारगृहात रोज जेवणाऱ्याचा हिशेब महिनाअखेरीस हमखास कोलमडतो.

पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रकाळात सामान्यतः आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते. मर्यादा ओलांडल्यास व्हिसाच धोक्यात येतो. ही मजुरी भाड्याच्या हिशेबात धरू नये. परतीच्या तिकिटासाठी ती बाजूला टाकावी.