हलते लक्ष्य, खोटे लक्ष्य : रडारला फसविण्याचे शास्त्र

जुहू विमानतळावरील एक जुनी घटना आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि पट्टी संपल्यावर पुढे गेले. प्राणहानी झाली नाही, पण विमान कायमचे निकामी झाले. दोन्ही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम अशा एकाच दिशेच्या आहेत. खूण जुळली, जागा चुकली.

तेथे कोणी मुद्दाम फसविले नव्हते. युद्धात मात्र रडारला पद्धतशीरपणे खोटी खूण दाखविली जाते. रडारच्या पडद्यावर ठिपका दिसतो, माणूस दिसत नाही. आणि त्या ठिपक्यावर भरवसा ठेवून तोफा डागल्या जातात. म्हणून हा विषय केवळ सैन्याचा नाही, असे मला वाटते.

प्रथम हलते लक्ष्य ओळखतात कसे ते पाहू. जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी उंच स्वरात ऐकू येते आणि गाडी पुढे गेली की स्वर उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. समजा, रडार सेकंदाला एक हजार कोटी कंपनांची लहर सोडते. तिची लांबी ३ सेंटिमीटर. समोरून ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने ट्रक येत आहे. गतीच्या दुपटीला लहरीच्या लांबीने भागा : ३००० भागिले ३. परतलेल्या लहरीत सेकंदाला १००० कंपने जास्त भरतील. झाडे, घरे, डोंगर यांच्याकडून आलेल्या लहरीत असा फरक नसतो. तेवढे गाळले की हलणारे उरते. बेंगळुरूच्या एलआरडीई प्रयोगशाळेने पायदळाला वाहून नेता येईल असे रडार याच तत्त्वावर तयार केले. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने चाचणी अवस्थेतील दोन ‘जॉइंट स्टार्स’ विमाने वापरून वाळवंटातील वाहनांच्या रांगा टिपल्या होत्या.

रडारला फसविण्याची जुनी युक्ती धातूच्या पट्ट्यांची. ६ जून १९४४ च्या पहाटेपूर्वी ब्रिटिश विमानांनी इंग्लिश खाडीवर अशा पट्ट्या टाकीत, घिरट्या घेत, जहाजांच्या गतीने पुढे सरकत जर्मन रडारवर नसलेला आरमारी ताफा उभा केला. ही विद्या आजही जिवंत आहे. लढाऊ विमानांसाठीच्या सुधारित ‘चाफ’ काडतुसाच्या कामात जोधपूरच्या प्रयोगशाळेबरोबर आपल्या पुण्याची एचईएमआरएल ही प्रयोगशाळाही होती; २०२१ मध्ये ते जाहीर झाले. परंतु पट्ट्या वाऱ्याबरोबर तरंगतात, ट्रकच्या गतीने रस्त्यावरून धावत नाहीत. डॉप्लर रडार तो फरक ओळखू शकते.

म्हणून पुढची युक्ती निघाली. जॅमर हे यंत्र रडारची लहर पकडते, अंकांच्या रूपात साठविते आणि थोड्या उशिराने परत सोडते. एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे १५० मीटर. दहा मायक्रोसेकंद थांबले की जॅमरच्या दीड किलोमीटर मागे एक खोटे वाहन दिसते. त्या लहरीत १००० कंपने मिसळली की ते ताशी ५४ किलोमीटरने धावू लागते! एका पेटीतून अख्खी पलटण निघते.

पण खोटे बोलणाऱ्याला हिशेब ठेवावा लागतो. वाहन सेकंदाला १५ मीटर जवळ येत असेल, तर उशीरही दर सेकंदाला एक दशांश मायक्रोसेकंदाने कमी झाला पाहिजे. गती एक सांगते आणि अंतर दुसरेच, असे झाले की रडारचालक सावध होतो. चांगला जॅमर मात्र हा हिशेबही जुळवतो.

मग दिशा तपासावी लागते, आणि तेथे गंमत आहे. उपग्रहावरील चित्र काढणारे रडार त्याच डॉप्लर फरकावरून वस्तूची जागा ठरविते. त्यामुळे हलणारी वस्तू चित्रात सरकलेली दिसते. असे उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण जातात आणि बाजूला पाहतात. पूर्व-पश्चिम धावणारी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो अशा चित्रात आपला पूल सोडून शेकडो मीटर बाजूला, घरांच्या छपरांवर दिसू शकेल. उलट आपली पश्चिम रेल्वेची लोकल उपग्रहाच्या वाटेला जवळपास समांतर धावते, म्हणून ती फारशी हलणार नाही. जॅमरही कंपने बदलून आपले खोटे ठिपके असेच कोठेही नेऊन ठेवतो.

यावर उपाय एकामागे एक असलेल्या दोन ॲन्टेनांचा. २००७ मध्ये सोडलेल्या कॅनडाच्या ‘रडारसॅट-२’ वर असा प्रयोग होता. दोन्हींवर आलेल्या लहरींतील सूक्ष्म फरकावरून लहर खरोखर कोणत्या दिशेने आली ते कळते. खऱ्या वाहनांच्या दिशा वेगवेगळ्या निघतात. खोटी वाहने दहा असोत की शंभर, सर्वांची दिशा जॅमरचीच. ती एका सरळ रेषेवर येऊन बसतात.

आता शत्रूही मूर्ख नसतो. रडारच्या दिशेने सरळ गेलेला रस्ता निवडून तो जॅमर त्याच रस्त्याच्या कडेला उभा करील, तर रेषा आणि रस्ता एकच होतील. अशा वेळी दुसरे विमान दुसऱ्या बाजूने पाठवावे लागते. त्याच्या पडद्यावर ती रांग एक तर दिसतच नाही, किंवा रस्ता सोडून शेतातून चाललेली दिसते.