पंचाचा हात काय सांगतो?



मागच्या महिन्यात आम्ही जासईत पाचवीच्या मुलांची क्रिकेटची मॅच लावली. पंच झालेल्या मुलाने चौकार दिला, पण आपल्या स्टाईलने. हात एकदाच झटकला आणि तसाच आडवा धरला. वही घेऊन बसलेल्या मुलीने नोबॉलची एक धाव लिहिली. तिची टीम दोन धावांनी हरली आणि सगळे तिच्यावर तुटून पडले. डोळे पुसत तिने विचारलं, "सर, माझं चुकलं का?"

नाही चुकलं. नियमातल्या खुणा बघा:

• एक हात खांद्याच्या रेषेत आडवा : नोबॉल
• दोन्ही हात आडवे : वाईड
• हात इकडून तिकडे हलवत शेवटी छातीसमोर : चौकार
• दोन्ही हात डोक्यावर : षटकार
• एक उघडा पंजा डोक्यावर : बाय
• उचललेल्या गुडघ्याला हात : लेगबाय

म्हणजे तिने दिसलं ते बरोबर वाचलं. चूक माझी. खुणा न शिकवताच मी मुलांना पंच केलं होतं.

मग स्वतःची स्टाईल नकोच का? तसं नाही. १९९२ च्या विश्वचषकात पंच असलेले आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर चौकार देताना घुसळल्यासारखा हात फिरवायचे. न्यूझीलंडचे बिली बाउडन वाकड्या बोटाने आऊट देत, कारण संधिवातामुळे बोट सरळ वर करणं त्यांना त्रासाचं होतं. पण दोघांच्याही खुणेचा अर्थ कधी बदलला नाही. हस्ताक्षराचंही असंच असतं ना? वळण ज्याचं त्याचं, पण 'घ' चा 'ध' व्हायला नको.

नियमात आणखी एक छान गोष्ट आहे. गुणलेखकाने प्रत्येक खुणेला पोच दिल्याशिवाय पंचाने खेळ पुढे न्यायचा नाही. आमच्या मॅचमध्ये एवढं पाळलं असतं, तर घोळ तिथेच कळला असता.

वर्गात असं घ्या: एकाने न बोलता खूण करायची, दुसऱ्याने पाटीवर लिहायचं आणि पाटी उंच करून दाखवायची. जुळलं तरच पुढची खूण. नंतर प्रत्येकाला आपली स्टाईल करू द्या. पाटीवरचं उत्तर बदललं, तर ती स्टाईल बाद!

आम्ही हा खेळ घेतला तेव्हा पहिली पाटी त्याच मुलीच्या हातात दिली. समोर खुणा करायला तोच पंच होता.

तुम्हीही करून बघा.