पित्तनलिकेचे सौम्य विकार आणि दुर्बिणीद्वारे यकृत-शस्त्रक्रिया

यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांच्या जाळ्यातून एकत्र येऊन लहान आतड्यात उतरते व स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करते. या मार्गात अडथळा आल्यास कावीळ, थंडी-ताप व पोटदुखी उद्भवते. हा अडथळा दरवेळी कर्करोगाचाच असतो असे नाही. यकृतातील नलिकांत झालेले खडे, जन्मतः फुगलेली नलिका आणि पित्ताशय काढताना इजा होऊन आकुंचित झालेली नलिका हे विकार 'सौम्य' गणले जातात. तथापि, सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. साचलेल्या पित्तात वारंवार जंतुसंसर्ग होतो, यकृताचा तो भाग आक्रसतो आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास सिरॉसिस, क्वचित कर्करोगही संभवतो.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

यकृताचे आठ भाग मानले जातात. प्रत्येकाचा रक्तपुरवठा व पित्तमार्ग स्वतंत्र असल्याने केवळ रोगग्रस्त भाग काढता येतो. उरलेले निरोगी यकृत पुन्हा वाढते. आकुंचन यकृताबाहेरील नलिकेत असल्यास ती लहान आतड्याला जोडतात. दुर्बिणीच्या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून लहान छिद्रांतून कॅमेरा व उपकरणे आत घालतात. त्यामुळे वेदना कमी होतात व रुग्ण लवकर कामावर परततो. मात्र रक्तस्राव वा जुने चिकटलेपण आढळल्यास पोट उघडणे हे अपयश नसून विवेक होय.

लाभ आणि सावधगिरी

१९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतात १९९० साली मुंबईच्या जे. जे. या शासकीय रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम केली. पुढे तिचा झपाट्याने प्रसार झाला, तसे नलिकेला इजा होण्याचे प्रमाणही सुरुवातीस वाढले. म्हणून काहीही कापण्यापूर्वी पित्ताशयाला जोडलेल्या दोनच रचना स्पष्ट दिसल्या पाहिजेत, हा नियम १९९५ साली स्ट्रासबर्ग यांनी मांडला.

विकासाचा प्रश्न

अशा शस्त्रक्रियेस प्रशिक्षित चमू, अतिदक्षता विभाग व रक्तपेढी लागते. त्यामुळे ती मोठ्या शहरांत एकवटते. कर्नाटकातील होसकोटे हे तालुक्याचे शहर बेंगळुरूपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर असल्याने तेथील रुग्ण तासा-दोन तासांत तज्ज्ञांपर्यंत पोहोचू शकतो. गडचिरोलीच्या रुग्णाला मात्र नागपूर गाठण्यासाठी सुमारे १७० किलोमीटर प्रवास करावा लागतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. बुडालेली मजुरी मात्र त्यातून भरून निघत नाही. यास्तव तालुका पातळीवर सोनोग्राफीने वेळीच निदान होणे व रुग्णाला विनाविलंब पुढे पाठवणे निर्णायक ठरते. निदान लांबले, की छिद्रातून होऊ शकणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी पोट उघडावे लागण्याची शक्यता वाढते.