पदवी आणि पद यांच्यामधील वर्षे

विद्यापीठ म्हटले की प्राध्यापक आणि विद्यार्थी असे दोनच वर्ग सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर येतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग असतो. पीएच.डी.साठी नाव नोंदवलेला छात्र, पदवी पदरात पडूनही कायम जागा न मिळालेला संशोधन सहयोगी, एखाद्या प्रकल्पापुरता नेमलेला सहायक, असे निरनिराळे लोक त्यात मोडतात. प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत जे दिवे जळत असतात ते बहुधा यांच्याच टेबलांवरचे. शोधनिबंधात यांचे नाव असते, परंतु संस्थेच्या कायम नोकरवर्गाच्या यादीत नसते. या माणसांच्या वाढीची जबाबदारी कोणाची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

त्याच्या अभ्यासासाठी बंगलोर, म्हणजे आजचे बंगळुरू, हे शहर विशेष सोयीचे आहे. जमशेटजी टाटांची देणगी आणि म्हैसूर दरबाराने १९०७ मध्ये दिलेली ३७१ एकर जमीन यांतून १९०९ मध्ये येथे भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. शहरातील जुन्या रहिवाशांच्या तोंडी तिचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट’ असेच आहे. १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. संस्था संशोधनासाठीच निघाली असल्यामुळे हा मधला वर्ग तेथे आरंभापासून होता. मात्र १९५८ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळेपर्यंत संस्थेला स्वतःची विद्यापीठीय पदवी देता येत नव्हती. काम बंगलोरला करायचे आणि पदवीसाठी प्रबंध मुंबई किंवा मद्रास विद्यापीठाकडे धाडायचा, असा रिवाज होता. ही बाब कार्यालयीन वाटते, पण पुढे एका संशोधिकेच्या आयुष्याला तिनेच वळण दिले.

त्याआधी कमला भागवत यांची हकीकत पाहू. मराठी वाचकांना त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी म्हणून आणि कमला सोहोनी या नावाने परिचित आहेत. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवल्यावर कमलाबाईंनी बंगलोरला अर्ज केला. सर सी. व्ही. रामन त्याच वर्षी संचालकपदावर आले होते. अर्जदार स्त्री आहे या कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा काही अटींवर त्यांना आत घेण्यात आले. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावयाचे होते. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये अशीही एक अट होती.

त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे आणि कष्ट करवून घेणारे होते, परंतु हाती आलेल्या विद्यार्थ्याला मनापासून शिकवणारेही होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व शेंगवर्गीय धान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाच्या अखेरीस रामन यांचे समाधान झाले, पुढील संशोधनास संमती मिळाली आणि नंतर येणाऱ्या मुलींसाठी दार किलकिले झाले. १९३६ मध्ये कमलाबाईंना या कामावर एम.एस्सी. मिळाली. केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या द्रव्यावर संशोधन केले आणि १९३९ मध्ये तेथील पीएच.डी. संपादन केली. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला म्हणून ओळखल्या जातात.

येथवरचा भाग शाळेतल्या पुस्तकांतूनही येतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यापुढचा भाग अधिक बोलका आहे. परत आल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. तेथून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. या जागेवर पुढची वाट स्पष्ट नव्हती. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केले व कालांतराने त्या तिच्या संचालक झाल्या. केंब्रिजची पदवी घेतलेल्या व्यक्तीलाही प्रत्येक मुक्कामावर पुढचा रस्ता स्वतःच शोधावा लागला, हे येथे लक्षात घ्यावे. श्रीनिवासय्यांसारखा मार्गदर्शक लाभणे हा योगायोग होता. तो लाभला नसता तर परीक्षेचे ते पहिले वर्ष कसे संपले असते, हे सांगता येत नाही.

दुसरी हकीकत ॲना मणी यांची. त्रावणकोरमधील पीरमेड येथे १९१८ मध्ये जन्मलेल्या ॲना मणी १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन संस्थेत आल्या आणि रामन यांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाल्या. तोवर रामन संचालकपदावरून पायउतार होऊन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम करीत होते. हिरे व माणके यांच्या वर्णपटांचा अभ्यास हे मणींचे काम. तीसहून अधिक हिरे त्यांनी तपासले. छायाचित्रणाच्या काचेवर वर्णपट उमटण्यास एकेका हिऱ्यामागे पंधरा-वीस तास लागत, त्यामुळे रात्रीचा मुक्कामही पुष्कळदा प्रयोगशाळेतच पडे. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी पाच शोधनिबंध एकटीच्या नावाने प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. विद्यापीठाने पदवी दिली नाही. त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती, आणि एम.एस्सी.वाचून पीएच.डी. नाही, असा नियम होता.

नियम आधीपासून अस्तित्वात होता. मग पाच वर्षांत कोणीतरी हिशेब करून ‘बाई, आधी ही परीक्षा देऊन ठेवा’ असे सांगायला हवे होते, असे आज वाचणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने त्या प्रयोगशाळेत उणीव नव्हती. जगातील उत्तम मार्गदर्शन तेथे मिळत होते. संशोधकाच्या पुढील आयुष्याची कागदपत्रे पाहणे हे मात्र कोणाच्याच कामात मोडत नव्हते. मणींना सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाण्याची संधी मिळाली, पण ती हवामानशास्त्रीय उपकरणांच्या प्रशिक्षणापुरती होती. त्यांनी ती स्वीकारली. १९४८ मध्ये त्या पुण्यास हवामान खात्यात रुजू झाल्या, देशी उपकरणे आणि सौर ऊर्जेची मोजमापे यांत त्यांनी मोठे नाव मिळवले आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. देशाचा त्यात लाभच झाला. तरीही भौतिकशास्त्रातील एक संशोधिका ते क्षेत्र सोडून गेली ती आवड बदलली म्हणून नव्हे, हे विसरता येणार नाही. नाकारलेला तो प्रबंध बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे स्वरूप थोडे पालटले. परदेशांतून शिकून आलेल्या तरुणांना जागा मिळेना. ते पुन्हा बाहेर जाऊ लागले, तेव्हा १९५८ मध्ये शासनाने ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना काढली. तिचा कारभार वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे होता. कल्पना साधी होती. माणसाला ठरावीक मुदतीसाठी वेतन द्यायचे, त्याला एखाद्या विद्यापीठाशी किंवा प्रयोगशाळेशी जोडून द्यायचे आणि तेवढ्या अवधीत त्याने कायम जागा शोधायची. तिला धर्मशाळा म्हणून नावे ठेवणारेही असतील, पण मुक्कामाला निवाराच नसण्यापेक्षा धर्मशाळा बरी.

या योजनेचा उपयोग कसा होई याचे एक ठळक उदाहरण पुण्याहून बंगलोरला येते. माधव व सुलोचना गाडगीळ हे दाम्पत्य हार्वर्डची पदवी घेऊन १९७१ मध्ये मायदेशी परतले. माधवराव पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, काम करू लागले. सुलोचनाबाई पूल अधिकारी म्हणून उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत गेल्या आणि मान्सूनच्या अभ्यासाकडे वळल्या. पती-पत्नी दोघेही संशोधक असले की एकाच गावी दोन जागा मिळणे दुरापास्त होते. बहुधा एकाचे काम मागे पडते, आणि ते कोणाचे हे सांगण्याची आवश्यकता नाही. १९७३ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेने दोघांनाही सैद्धांतिक अध्ययन केंद्रात सामावून घेतले. संचालक सतीश धवन होते. हे केंद्र आदल्याच वर्षी सुरू झाले होते आणि विभागांच्या ठरीव चौकटीत न बसणारी माणसे तेथे बसू शकत. माधवरावांच्या पुढाकाराने पुढे परिस्थितिविज्ञान केंद्र उभे राहिले. मान्सूनच्या संशोधनात सुलोचनाबाईंचे नाव देशाबाहेरही मान्य झाले.

त्याच केंद्रात राघवेंद्र गदगकर यांनाही आसरा मिळाला. त्यांनी १९७९ मध्ये रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. मिळवली होती. फावल्या वेळात मात्र ते गांधीलमाश्यांच्या एका जातीचे निरीक्षण करीत. पदवी हाती आल्यावर त्यांनी छंदालाच व्यवसाय करावयाचे ठरवले. असा निर्णय एरवी आत्मघातकी ठरावा, कारण ज्या विषयाची पदवी नाही त्या विषयात नेमणूक कोण देणार? संशोधन सहयोगी म्हणून त्यांना केंद्रात जागा मिळाली, सांख्यिकी जाणणारे सहकारी मिळाले आणि गांधीलमाश्यांच्या समाजजीवनावरील त्यांचे संशोधन जगन्मान्य झाले. महाग उपकरणांची त्यासाठी फारशी गरज लागली नाही. लागली ती काही वर्षांची निश्चिंती.

ही उदाहरणे वाचून मन प्रसन्न होते. परंतु त्यांवरून व्यवस्था चांगली होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्यांत एक मार्गदर्शक, एक संचालक, एक नवे केंद्र आहे. नियमाने मिळालेली गोष्ट एकच, ती म्हणजे पूलचे वेतन. आणि तीही मुदतीची.

आजची स्थिती समजण्यासाठी प्रकल्पाचा व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. एखादा प्राध्यापक शासकीय विभागाकडे योजना पाठवतो. ती मंजूर झाली की बहुधा तीन वर्षांसाठी अनुदान मिळते व त्यातच सहायकांच्या जागा मोजून दिलेल्या असतात. अनुदानाचा हप्ता लांबला की सहायकाचे वेतन लांबते. प्रकल्प संपला की जागा संपते. उपकरण हाताळण्यात जो तरबेज झालेला असतो तोच नेमका त्या वेळी बाहेर पडतो आणि नवा माणूस पहिल्या धड्यापासून आरंभ करतो. हे नुकसान कोणत्याही हिशेबात दाखवले जात नाही.

वेतनाचा प्रश्न निदान चर्चेत तरी आला. देशभरच्या संशोधकांनी आंदोलने केल्यानंतर २०१९ मध्ये कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा २५,००० रुपयांवरून ३१,००० रुपये झाली. १ जानेवारी २०२३ पासून ती ३७,००० रुपये, वरिष्ठांसाठी ४२,००० रुपये आणि संशोधन सहयोगींसाठी ५८,००० ते ६७,००० रुपये ठरवण्यात आली. घरासाठी वा मुलांसाठी काम थांबवावे लागलेल्या स्त्रियांकरिता विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ च्या सुमारास स्वतंत्र योजना काढली. पुढे तिचे नाव व रूप बदलत गेले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूद केली. त्याच नियमांत प्रत्येक छात्राला अध्यापन व लेखन यांचे प्रशिक्षण घेणे आवश्यक ठरवले असून, आठवड्यातून चार ते सहा तास शिकवण्याचे वा प्रयोग घेण्याचे काम त्याला देता येते. हे कलम लहान आहे, पण मोलाचे आहे. पीएच.डी. झालेल्यांपैकी पुष्कळांना पुढे महाविद्यालयात शिकवायचे असते. वर्गापुढे उभे कसे राहावे हे मात्र त्यांना पूर्वी कोणी दाखवत नसे.

ब्रिटनमधील विद्यापीठे व अनुदानसंस्था यांनी याबाबत १९९६ मध्ये परस्परांत एक करार केला. २०१९ च्या सुधारित करारानुसार पूर्णवेळ संशोधकास वर्षातून किमान दहा दिवस स्वतःच्या व्यावसायिक वाढीसाठी मिळाले पाहिजेत. अर्ज लिहिणे, अध्यापन, विद्यापीठाबाहेरच्या नोकऱ्यांची माहिती, यांपैकी काहीही त्यात येऊ शकते. दहा दिवस ही मोठी मागणी नव्हे. पण प्रयोग चालू असताना रजा कोणाच्या सहीने मिळते, असा प्रश्न प्रयोगशाळेत वावरलेला माणूस लगेच विचारील, आणि तो रास्त आहे. म्हणून मार्गदर्शकाखेरीज दुसरा एखादा ज्येष्ठ सल्लागार प्रत्येक संशोधकाला नेमून द्यावा, ही सूचना अधिक उपयोगाची वाटते. बंगळुरूत अशा कामाचा आरंभ झालेला दिसतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या आवारातून ‘इंडियाबायोसायन्स’ ही संस्था तरुण जीवशास्त्रज्ञांचे मेळावे भरवते व त्यांना अनुदानाचे अर्ज लिहिण्यास शिकवते. नव्याने जागा मिळालेल्यांबरोबर जागेच्या शोधात असलेल्यांनाही या मेळाव्यांत बोलावले जाते.

ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांच्यापुढे प्रश्न याहून साधे असतात. प्रयोगांची नोंदवही संस्थेच्या मालकीची असल्यामुळे ती मागे ठेवावी लागते. बरोबर येतो तो अनुभवाचा दाखला आणि मार्गदर्शकाचे पत्र. दाखल्यात नुसत्या तारखा असाव्यात की कोणती उपकरणे व कोणत्या पद्धती त्या व्यक्तीला अवगत आहेत हेही लिहावे. अपुरा राहिलेला शोधनिबंध पुढे प्रसिद्ध झाल्यास त्यावर तिचे नाव कोणत्या क्रमाने येईल. आणि नोंदवहीतील आपल्या कामाची प्रत तिला नेता येईल की नाही, या तीन गोष्टी नेमणुकीच्या वेळीच कागदावर घेता येतात. त्याला अनुदान लागत नाही. प्रकल्पप्रमुखाचा अर्धा तास लागतो.