56 क्विंटलचा डॉक्टर

बुलडाणा जिल्ह्यात चिखली, मेहकर, लोणारकडे घरातलं लेकरू 'नीट'मधून एमबीबीएसला लागलं की पहिला आठवडा पेढ्यांत जातो. चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो, मामा-मावश्या हार घेऊन येतात. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे पांगतात आणि आई-बाप ओसरीवर बसून हळू आवाजात बोलू लागतात. आता साडेपाच वर्षं पैसा आणायचा कुठून?

याचं उत्तर लाखांत ऐकलं की छातीत धस्स होतं. म्हणून ते आपल्या सवयीच्या मापात काढून पाहू. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता. बाजारात अनेकदा तेवढाही मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण हिशेबाला तोच धरू.

समजा मुलगी सरकारी कॉलेजच्या वसतिगृहात राहते. महिन्याची मेस 3,500, वसतिगृह आणि वीज 500, फोन 300, झेरॉक्स-वह्या 600, गावी येणं-जाणं 500, साबण-तेल-औषध 600. झाले 6,000. सुटीचा एक महिना वगळला तर वर्षाचे 66,000, म्हणजे साडेबारा क्विंटलच्या आत. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिपमध्ये दरमहा विद्यावेतन मिळतं, त्यामुळे तिथून घरचा हात सुटू शकतो. साडेचार वर्षांचे होतात 2 लाख 97 हजार. सुमारे 56 क्विंटल.

मेसचे दर वाढतील, आकडा थोडा पुढे सरकेल. फी यात धरलेली नाही, तिच्याकडे लगेच येतो. पण कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल हाती येणाऱ्या घराला एवढं कळलं पाहिजे, की राहण्या-जेवण्यासाठी दरवर्षी दोन-अडीच एकरांचं पीक बाजूला काढावं लागणार आहे. हे जड आहे, पण शेत विकावं लागेल इतकं नाही.

पैसा अवेळी येतो, ही खरी अडचण

सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, कापसाचे त्याहून उशिरा. प्रवेशाच्या फेऱ्या मात्र पावसाळ्यात, पीक शेतात उभं असताना चालतात. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी खात्यात पडायला कित्येक महिने जातात. वर्षाचा हिशेब जुळत असूनही ऑगस्टमध्ये घरात रुपया नसतो, आणि नेमका तेव्हाच सावकाराचा उंबरठा जवळचा वाटतो.

यावर दोन साधे उपाय आहेत. मूल बारावीत गेलं की त्या वर्षीच्या पिकातले चार-पाच क्विंटलचे पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि बियाण्यालासुद्धा त्यांना हात लावू नका. प्रवेशाच्या दिवसाची सोय तीच. दुसरं, मुलांना पैसे एकरकमी देऊ नका. दिवाळीला 30 हजार हातात दिले तर ते संक्रांतीपर्यंत पातळ होतात. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पाठवा. ती कमी पडली तर मुलाने वहीतला खर्च दाखवून मागावं. यात अविश्वास कसला? आपण मजुरीचाही हिशेब ठेवतोच की.

पहिली बचत तहसीलच्या खिडकीवर

काटकसर म्हटलं की लोक चहा-नाश्त्यावर येतात. खरी मोठी रक्कम कागदांत असते. राज्य सरकारच्या 8 जुलै 2024 च्या निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. याच घरांतल्या मुलांना शिक्षण फीत निम्मी सवलत मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे.

राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना 'स्वाधार' योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60 हजार, इतर महापालिका शहरांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार रुपये मिळतात. वैद्यकीय विद्यार्थ्याला शैक्षणिक साहित्यासाठी आणखी 5 हजार. आमच्या वरच्या 66 हजारांतले 48 हजार इथेच निघाले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी 'स्वयम्', ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार', तर अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत. त्या समजून घ्यायला कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात अर्धा दिवस घालवा. त्या अर्ध्या दिवसाइतकी मजुरी तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

अर्ज अडतात ते तीन-चार ठरावीक जागी. जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या निकालानंतर काढायला घेतलं तर उशीर झालेला असतो, त्याचा अर्ज अकरावीतच करा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते का, ते पाहून ठेवा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं आधारला जोडलेलं राहिलं असेल तर मंजूर पैसाही हाती येत नाही. एकदा बँकेत जाऊन 'माझं आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे?' एवढं विचारून या. आणि शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने चालू ठेवावा लागतो. दुसऱ्या वर्षी तो विसरणारी हुशार मुलं दर बॅचमध्ये असतात.

जवळचं कॉलेज

बुलडाण्याला आता स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, 100 जागांचं. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यातलं हे एक. शेजारी अकोला आहे, जळगाव आहे, छत्रपती संभाजीनगर आहे. 'मुंबई मिळत असताना अकोला कशाला?' असं सांगणारे पाहुणे भेटतील. जुन्या मोठ्या कॉलेजला रुग्ण जास्त, अनुभवी शिक्षक जास्त, हे खरं आहे. खर्चाच्या बाजूने मात्र पाहायला हवं, की शहर बदललं तर मेस, खोली, प्रवास सगळ्याचा भाव बदलतो. नवं कॉलेज घेणार असाल तर पसंतीक्रम भरण्याआधी एक दिवस स्वतः जाऊन या. वसतिगृह बांधून झालंय का, मेस चालू आहे का, रात्री ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा. वसतिगृह नसेल तर बाहेरच्या खोलीचं भाडं हिशेबात धरा.

एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. रेल्वेतही विद्यार्थ्यांना गावी जाण्या-येण्यासाठी सवलत असते, तिचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो. शेगाव, नांदुरा, मलकापूर ही स्टेशनं मुंबई-नागपूर मार्गावरच असल्यामुळे घाटाखालच्या मुलांना ती फार कामाची.

हाडांची पेटी आणि बाकीची खरेदी

मुलांनो, हा भाग तुमच्यासाठी. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन विषय असतात. आठ दिवसांत तुमच्या हातात पुस्तकांची, उपकरणांची, अॅपची लांबलचक यादी पडेल. ती घेऊन दुकानात जाऊ नका, सीनियरकडे जा.

बोन सेटचंच घ्या. अॅनाटॉमीच्या अभ्यासाला हाडं लागतात, आणि ती वर्षानुवर्षं एका बॅचकडून दुसरीकडे जात आलेली असतात. दंडाचं हाड, ह्यूमरस, हातात घ्या. आधीच्या कुणीतरी त्यावर लाल रंगाने स्नायू जिथून निघतो ती जागा आणि निळ्याने तो जिथे लागतो ती जागा रंगवून ठेवलेली असते. कडेला बारीक पेन्सिलीची खूण असते. ते हाड नवं असतं तर ही सगळी मेहनत तुम्हालाच करावी लागली असती. चौरसियांच्या अॅनाटॉमीच्या जुन्या पुस्तकातल्या अधोरेखित ओळींचंही तेच. मागच्या आवृत्तीत दंडाचं हाड काही वेगळं नसतं. औषधशास्त्र किंवा सामाजिक वैद्यकशास्त्र यांसारख्या विषयांत मात्र उपचार आणि सरकारी कार्यक्रम बदलत राहतात, तिथे ताजी आवृत्ती लागते. ती ग्रंथालयातून घ्या किंवा दोघांत एक विकत घ्या. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी पुस्तक पेढीची चौकशी जरूर करावी.

महागडा स्टेथोस्कोप गळ्यात घालून फोटो काढायची हौस सगळ्यांनाच असते. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकापुरता साधा पुरतो. वॉर्डात कान तयार झाले, हृदयाचे बारीक आवाज ओळखता येऊ लागले, की चांगला घ्या. पदव्युत्तर परीक्षेच्या अॅपची वर्गणी पहिल्या वर्षी भरू नका. तिची मुदत तुमची गरज सुरू होण्याआधीच संपते.

मित्रांच्या वाढदिवसाची पार्टी, गॅदरिंगचे कपडे, सहलीची वर्गणी, इथे खरी कसोटी लागते. 'आत्ता जमत नाही रे' हे वाक्य पहिल्याच महिन्यात, हसत म्हणायला शिका. चौथ्यांदा उसने घेऊन गेल्यावर ते म्हणणं फार अवघड होतं.

शिकवण्या घेऊन खर्च काढायचा विचार अनेकांच्या मनात येतो. थिअरीला 75 टक्के आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी लागते, त्यामुळे पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. पहिल्या वर्षाची पुरवणी परीक्षाही हुकली तर वर्ष जातं, आणि मग साडेबारा क्विंटल पुन्हा मोजावे लागतात. या शिक्षणात नापास होण्याइतकी उधळपट्टी दुसरी नाही. दुसऱ्या वर्षानंतर रविवारी दोन 'नीट'वाल्या मुलांना जीवशास्त्र शिकवायला हरकत नाही.

इथे हात आखडू नका

मेसचा एक वेळचा डबा बंद करून पैसे वाचवणारी मुलं असतात, आणि ती घरी सांगत नाहीत. आई-बाबांनी 'जेवलास का?' असं विचारलं की 'हो' एवढंच उत्तर येतं. काय जेवलास, असं विचारत जा. घरून जवसाची नि शेंगदाण्याची चटणी, मेथीचे लाडू, गूळ-शेंगदाणे पाठवा. पण हा खाऊ म्हणजे जेवण नव्हे.

आनंदीबाई जोशींची आठवण इथे होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत, परक्या अन्नावर शिकत त्यांनी 1886 मध्ये पदवी मिळवली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या. वॉर्डात आजही क्षयाचे रुग्ण असतात. उपाशी, अर्धवट झोपलेल्या शरीराला आजार लवकर गाठतो. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस वॉर्डात जाण्याआधी सुरू करा. चष्म्याचा नंबर वाढला तर काच बदला. मन जड झालं, झोप उडाली, तर कॉलेजच्याच मानसोपचार विभागात जा. वैद्यकीय विद्यार्थ्याला ही सोय आपल्या इमारतीतच आहे. आणि दिवाळीला घरी या. ते तिकीट खर्चाच्या नव्हे, औषधाच्या रकान्यात लिहा.

कर्ज घ्यायचं तर

सगळं करूनही कमी पडलं तर राष्ट्रीयीकृत बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढेही सरकारी हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत बिनतारण कर्जाची सोय आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून साठत असतं. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी व्याज अनुदान आहे, त्याची चौकशी अर्ज करतानाच करा. मंजूर झालं म्हणून सगळं उचलू नका. कमी पडतं तेवढंच घ्या. सावकाराकडून मात्र एक रुपयाही नको.

सरकारी कॉलेजातून शिकलं की एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते. पालकांना हे ओझं वाटतं. पण त्या वर्षी पगार मिळतो. कर्ज आटोक्यात असेल तर ते त्याच वर्षात बरंच फिटतं.

400 रुपयांचा संसार

शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे नागपूरच्या मेडिकलमधून एमबीबीएस झाले आणि मेळघाटातल्या बैरागडला जाऊन राहिले. पहिल्या तपासणीचे दोन रुपये, पुन्हा आलं तर एक रुपया. लग्नासाठी त्यांच्या अटी होत्या: 40 किलोमीटर चालता आलं पाहिजे, पाच रुपयांत नोंदणी लग्न, महिन्याला 400 रुपयांत संसार, आणि गरज पडली तर दुसऱ्यासाठी भीक मागायची तयारी. नागपुरात दवाखाना चालत असलेल्या डॉ. स्मितांनी त्या मान्य केल्या. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

तुमच्या मुलाने बैरागडला जावं असं मी म्हणत नाही. हिशेब तेवढा पाहा. ज्याला महिना 400 रुपयांत भागवता येतं, त्याला दोन रुपये फी घेणं परवडतं. 40 लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरला रुग्णासमोर बसताना हप्त्याची तारीख आठवते. कुठली शाखा घ्यायची, कुठे राहायचं, कोणती तपासणी खरंच लागते, या सगळ्यावर त्या तारखेची सावली पडते. साडेपाच वर्षांच्या काटकसरीतून मुलाच्या हाती एवढंच येतं: नको त्या गोष्टीला 'नाही' म्हणता येणं. पार्टीला म्हणायला शिकलेला नकार पुढे कमिशनलाही म्हणता येतो.

म्हणून प्रवेशाची बॅग भरताना लाडवांच्या डब्याखाली दोन वस्तू ठेवा. एक कागदपत्रांची फाईल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्ससकट. दुसरी शंभर पानी वही, जिच्या पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं असेल: या महिन्याचे 6,000.