रस्त्यावरून वाहणारें पाणी

गोंदिया जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, हें आपण भूगोलाच्या तासाला पाठ करतों. परंतु या तलावांत साठतें तें पाणी कोणतें, असें विचारल्यास पुष्कळ विद्यार्थी "नदीचें" असें उत्तर देतील. तें बरोबर नाहीं. आपल्याकडील बहुतेक जुने तलाव मोठ्या नदीवर बांधलेले नाहींत. टेकडीच्या उतारावरून, रानांतून, गांवच्या वाटांवरून पावसाचें जें पाणी धांवत येतें, तेंच मातीची पाळ घालून अडविलेलें आहे. म्हणजे जें पाणी वाहून जावयाचें, तोच आपल्या पूर्वजांचा पाणीसांठा होता.

हें काम मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनीं, गोंड राजांच्या उत्तेजनानें केलें. नवेगांव-बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला, असें परंपरा सांगते. पाळ कोठें घालावी, सांडवा कोणत्या अंगास ठेवावा, वरच्या तलावाचें जादा पाणी खालच्या तलावांत कसें उतरवावें, हें त्यांना आजच्या मोजणीच्या यंत्रांवांचून साधत असे. पूर्व विदर्भांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तेव्हांपासून त्यांस माजी मालगुजारी तलाव, थोडक्यांत "मामा तलाव", म्हणूं लागले. (हे कोणाच्या मामाचे, असें लहान मुलें विचारतात, त्यांस हें सांगावें.) पूर्वी गाळ काढण्याची व पाळ दुरुस्त करण्याची चिंता गांवची असे, पुढें ती कोणाचीच राहिली नाहीं, आणि पुष्कळ तलावांत गाळ व बेशरम वाढली.

आतां खेड्यांतून शहराकडे वळूं. नागरा येथील प्राचीन शिवमंदिर आपण सर्वांनीं पाहिलें आहे. तेथून गोंदिया शहराकडे येतांना जमिनीचें रूप कसें बदलतें, तें लक्षपूर्वक पाहावें. प्रथम धानाच्या बांध्या लागतात. बांधीचा धुरा पाणी अडवितो, आणि कांहीं पाणी जमिनींत मुरतें. पुढें सिमेंटचे रस्ते, फरशीचीं अंगणें व घरांचीं छपरें लागतात. तेथें पडलेला थेंब मुरूं शकत नाहीं. तो नालीकडे धांवतो. एक हेक्टर पक्क्या जागेवर केवळ १० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचें पाणी १ लाख लिटर होतें. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या भागांत वर्षाला सरासरीनें १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणूनच ज्या रस्त्यावर श्रावणांत गुडघाभर पाणी असतें, त्याच रस्त्यावर वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. शहरास नळाचें पाणी मिळतें तें दूर डांगोर्ली येथून, वैनगंगेंतून उचललेलें.

दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद असें एक छप्पर घ्या. १२०० मिलिमीटर पावसांत त्यावर ७२,००० लिटर पाणी पडतें. पांचवा हिस्सा वाया गेला असें धरलें, तरी ५७,६०० लिटर उरतें. पांच माणसांच्या कुटुंबास रोज ५०० लिटर लागतें असें मानल्यास तें ११५ दिवस पुरेल. म्हणजे जवळजवळ सारा उन्हाळा. पालकांनीं येथें एक अडचण दाखवावी, व ती योग्यच आहे: एवढें पाणी ठेवावयाचें कोठें? त्याकरितां पांच मीटर लांब, चार मीटर रुंद व सुमारें तीन मीटर खोल टाकें लागेल. तें प्रत्येकास परवडणारें नव्हे. घरोघरीं टाकीं बांधण्यापेक्षां वस्तीच्या खालच्या अंगास एक तलाव राखणें स्वस्त पडतें. कोहळ्यांनीं मातीची पाळ निवडली, तिचें रहस्य याच हिशेबांत आहे.

मात्र खेड्याच्या तलावांत व शहराच्या नालींत एक मोठा भेद आहे. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्यांत शेण, वाहनांचें तेल, टायरची झीज, प्लॅस्टिक आणि दुकानांपुढील केर असतो. पहिल्या पावसाचें पाणी सर्वांत घाण. म्हणून छपरावरचेंही पहिलें दोन मिलिमीटर पाणी सोडून द्यावें असा नियम सांगतात. वरील छपराचें तें १२० लिटर होतें. त्याहून वाईट म्हणजे नालींत संडासाचें पाणी मिसळणें. तेल व गाळ डोळ्यांना दिसतात. पटकीचे व विषमज्वराचे जंतू दिसत नाहींत.

मग असें पाणी शुद्ध होऊं शकतें काय? याचें उत्तर १८९२ सालीं जर्मनींत फार दुःखानें मिळालें. एल्ब नदीवर हँबुर्ग व त्याच्या खालच्या अंगास आल्टोना, अशीं दोन शहरें एकमेकांस लागून होतीं. हँबुर्ग नदीचें पाणी न गाळतां पीत असे. आल्टोना त्याच नदीचें, शिवाय हँबुर्गची घाण मिसळलेलें पाणी घेत असे. पण तें वाळूंतून गाळीत असे. पटकीची सांथ आली तेव्हां हँबुर्गांत आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं आणि आल्टोना बव्हंशीं वांचलें. हद्दीवरच्या रस्त्यांत एका बाजूच्या घरांत रोग व समोरच्या घरांत नाहीं, असें दिसून आलें. हवा तीच, जमीन तीच. भेद होता तो वाळूचा.

वाळूच्या या हौदांत पाणी अगदीं हळू उतरतें, तासाला १० ते २० सेंटिमीटर. वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म जीवांचा एक चिकट थर जमतो आणि तोच बरेचसे जंतू धरून ठेवतो व नष्ट करतो. लंडनमध्यें जेम्स सिम्पसन यांनीं १८२९ सालीं असा हौद चालू केला, तेव्हां जंतूंची ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती; पाणी स्वच्छ दिसतें एवढेंच त्यांना हवें होतें. पण गढूळ पाणी एकदम वाळूवर सोडल्यास वाळू लवकर बुजते. म्हणून आधीं जाळीनें केर अडवावा, मग संथ हौदांत गाळ बसूं द्यावा, आणि बारीक गाळासाठीं तुरटी वापरावी. क्लोरीन सर्वांत शेवटीं, कारण गढूळ पाण्यांत मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि औषध व्यर्थ जातें.

ऑस्ट्रेलियांत ऑरेंज नांवाचें एक शहर आहे (नांवावरून आपणांस नागपूरची आठवण होईल). तें गोंदियाहून लहान आहे. कडक अवर्षणांत, २००९ सालीं, तेथील लोकांनीं शहरांतून वाहणाऱ्या ओढ्याचें पुराचें पाणी पंपानें उचलण्यास आरंभ केला. तें कुंडांत निवळवून व तपासून शहराच्या धरणांत सोडतात, आणि तेथून पुन्हा शुद्धीकरण होऊन तें नळास येतें. पुराचें पाणी पिण्याच्या सांठ्यांत घेणें हें आतां नुसतें कल्पनेंतलें राहिलेलें नाहीं.

आपल्याकडे एकदम तेथवर जाण्याचें कारण नाहीं. बगीचा, बांधकाम, रस्ते धुणें, गाड्या धुणें यांस वैनगंगेचें शुद्ध केलेलें पाणी कशास हवें? तेवढ्यापुरतें पावसाचें पाणी तलावांत निवळवून वापरलें, तरी नळाचें पाणी पिण्यासाठीं वांचेल. मात्र त्यापूर्वीं एक काम अटळ आहे: सांडपाण्याची वाट व पावसाच्या पाण्याची वाट वेगळी केली पाहिजे. हें खर्चाचें आहे, आणि दिसण्यांत शोभेचें नाहीं, म्हणून मागें पडतें. दुसरें काम स्वस्त आहे. तलावाच्या कडेच्या पाणवनस्पती पाण्याचा वेग मंद करतात, आणि गाळ तेथेंच बसतो. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत ढीवर समाजाच्या स्त्रियांनीं बेशरम उपटून तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. त्या मुख्यतः मासळीसाठीं, परंतु पाण्यासही त्यांचा उपयोग होतो.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या पावसाळ्यांत एक प्रयोग करून पाहा. पहिला पाऊस पडूं लागतांच रस्त्याच्या कडेचें पाणी काचेच्या एका बरणींत घ्यावें, आणि तासाभरानें त्याच ठिकाणचें दुसऱ्या बरणींत. दोन्हींवर वेळ लिहून रात्रभर न हलवितां ठेवाव्या व सकाळीं तळाचा गाळ पट्टीनें मोजावा. नंतर तिसऱ्या बरणींत तसेंच पाणी घेऊन त्यांत तुरटी दोन-चार वेळां फिरवावी व किती वेळांत निवळतें तें पाहावें. तें कितीही नितळ दिसलें तरी पिऊं नये. झाडांना घालावें आणि हात साबणानें धुवावे.